पाच किलोवॅटच्या आतली चूल

आमच्या लंडनच्या घरात हॉलच्या एका भिंतीला प्लायवूडची फळी ठोकलेली होती. आधीच्या मालकांनी तिला भिंतीचाच रंग फासला होता, त्यामुळे वर्षभर आम्ही तिच्यापुढे टीव्ही ठेवून निवांत होतो. २०२२ च्या ऑक्टोबरात गॅसचे भाव भडकले. सर्वसाधारण घराचं वर्षाचं गॅस-विजेचं बिल अडीच हजार पौंडांच्या आसपास राहील अशी व्यवस्था सरकारने केली, आणि तो दिलासा ऐकूनच पोटात गोळा आला. त्याच आठवड्यात टीव्ही हलवताना फळीच्या फटीतून गार वारा पायाला लागला. नवऱ्याने स्क्रू काढले. मागे विटांचं मोठं भगदाड, त्यात शंभर वर्षांची काजळी आणि बिअरचा एक चेपलेला डबा.

"चूल!" मी म्हणाले.

"फायरप्लेस," तो म्हणाला.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर ती बघतच राहिली. "घरात गॅस आला त्या दिवशी तुझ्या आजीने आळीत पेढे वाटले होते. आणि तू लंडनला जाऊन चूल मांडणार? मग शिकलीस कशाला?"

तेव्हा मी हसून सोडून दिलं. आमचा हिशेब फार सोपा होता: लाकडं आणायची, भगदाडात रचायची, काडी लावायची. हा हिशेब शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडूनच मोडला. वय ऐंशीच्या पुढे, जन्म याच गल्लीतला. "इथे उघड्यावर लाकूड जाळता येत नाही हं," त्या म्हणाल्या, आणि मग डिसेंबर १९५२ सांगायला लागल्या. ५ ते ९ डिसेंबर. वारा पडलेला, थंडी कडाक्याची, घरोघर कोळसा पेटलेला, आणि तो सगळा धूर धुक्यात मिसळून शहरावर बसलेला. त्या शाळकरी होत्या. बसपुढे कंडक्टर हातात दिवा घेऊन चालत होता आणि ड्रायव्हर त्याच्या मागून, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं. आईने नाकाला बांधलेला रुमाल घरी येईस्तोवर काळा झाला होता. त्या धुक्याने सुमारे चार हजार माणसं मेली असं तेव्हा धरलं गेलं. पुढच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ चा स्वच्छ हवा कायदा त्यातून आला, आणि त्याच कायद्यातून शहराशहरांत 'स्मोक कंट्रोल एरिया' आखले गेले. लंडनचा बहुतेक भाग त्यात येतो. आमची गल्ली तर येतेच.

कौन्सिलच्या वेबसाइटवर जाऊन वाचलं. अशा भागात राहायचं तर दोन वाटा. उघड्या फायरप्लेसमध्ये फक्त मान्यता असलेलं बिनधुराचं इंधन जाळायचं, किंवा लाकूडच जाळायचं असेल तर सरकारच्या सूट-यादीतला बंद दाराचा स्टोव्ह घ्यायचा. ही यादी पर्यावरण खात्याची, म्हणजे डेफ्राची. नियम मोडून चिमणीतून धूर सोडला तर १७५ ते ३०० पौंड दंड. यादीबाहेरच्या चुलीत जाळायला मान्यता नसलेलं इंधन विकत घेतलं तर हजार पौंडांपर्यंत.

हजार पौंडांचा आकडा वाचून नवरा म्हणाला, "फळी परत लावू." मला तोवर चटक लागली होती.

पहिली चूक मी लगेच केली. ऑनलाइन एक वापरलेला स्टोव्ह मिळत होता, ओतीव लोखंडाचा, बसकट आणि देखणा, दीडशे पौंडांना. यादीत बघते तर नाव होतं! विकणाऱ्याला 'उद्या येते' म्हणून कळवलंसुद्धा. रात्री सवयीने परत यादी उघडली आणि या वेळी ओळ शेवटपर्यंत वाचली. तिथे नुसतं नाव नसतं. मॉडेलचं पूर्ण नाव अक्षरं-आकड्यांसकट, कोणतं इंधन चालेल ते, माहितीपुस्तिकेचा क्रमांक आणि तारीख, आणि शेवटी एखादी अट. या स्टोव्हची अट अशी होती की, वरून हवा सोडणारा खटका ठरावीक मर्यादेपलीकडे बंदच होऊ नये म्हणून आत कायमचा अडथळा बसवलेला हवा. सूट होती ती हा अडथळा असलेल्या मॉडेलला, आणि त्याच्या नावापुढे 'एसई' ही दोन अक्षरं होती. माझ्या दीडशे पौंडवाल्याच्या फोटोत ती कुठेच नव्हती. विचारलं तर त्याचं उत्तर आलं, "फार छान तापतो."

छान तापत असेलच, पण मी गेले नाही.

हा अडथळा म्हणजे काय, हे नंतर उलगडलं. वस्तू म्हणाल तर नखाएवढा स्क्रू. पण सगळं मर्म त्यातच आहे. साध्या स्टोव्हची हवा तुम्ही पार बंद करू शकता. मग लाकूड पेट घेत नाही, नुसतं धुमसत राहतं, रात्रभर पुरतं, आणि न जळलेला सगळा वायू धूर होऊन चिमणीतून गल्लीत जातो. अडथळा असला की खटका अर्ध्या वाटेतच अडकतो. चूल कोंडायची तुमची कितीही इच्छा असो, ती कोंडू देत नाही.

कोंडणे हा शब्द माझ्या तोंडी आजीचा. साताऱ्याकडच्या आमच्या घरात मागच्या पडवीला तिची चूल होती, शेजारी वैल, आणि कोपऱ्यात पाणी तापवायचा तांब्याचा बंब. मी शहरातून सुट्टीला आलेली नात. फार शहाणपणाने चुलीत एकदम पाच-सहा ढलप्या कोंबायची. पडवी धुराने भरायची. आजी येऊन त्यातल्या तीन बाहेर ओढायची आणि म्हणायची, "कोंडू नगंस तिला. वारं लागतं."

तर दुकान. शोरूम म्हणावं असं, दहा-बारा स्टोव्ह ओळीने मांडलेले, त्यातले दोन पेटलेले. विक्रेता गोड बोलणारा. खोली केवढी म्हणून विचारलं, आणि उत्तर पुरतं ऐकून न घेताच आठ किलोवॅट उष्णता देणाऱ्या स्टोव्हपाशी नेलं. "तुम्ही उष्ण देशातले, तुम्हाला थंडी जास्त वाजणार." हे ऐकून नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

घरी येऊन गणित मांडलं. खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये घेऊन गुणायची आणि चौदाने भागायचं, हा इथला ढोबळ ठोकताळा. आमची खोली ४.२ गुणिले ३.८ गुणिले २.६, म्हणजे साधारण साडेएकेचाळीस घनमीटर. भागाकार तीन किलोवॅट! मागच्या खोलीचं दार उघडं ठेवलं तर चार-साडेचार. आठ किलोवॅटचा स्टोव्ह आणला असता तर अर्ध्या तासात खोलीची भट्टी झाली असती, आम्ही घाम पुसत हवा बंद केली असती, आणि मग कोंडलेली चूल, धूर, काळी काच, चिमणीत डांबर. मोठी चूल घेऊन ती दाबून जाळणं, यासारखा धुराचा दुसरा राजमार्ग नाही. गोडबोल्या विक्रेत्याने ही गोष्ट सांगितली नाही. हे मला पुढे चिमणी साफ करायला आलेल्या माणसाने सांगितलं, ज्याला विकायचं काहीच नव्हतं.

पाच किलोवॅटचा आणखी एक पेच आहे. पाचच्या वरचा स्टोव्ह असेल तर आमच्यासारख्या जुन्या, फटीफटींतून वारा येणाऱ्या घरातसुद्धा जाळाला हवा मिळावी म्हणून भिंतीला कायमचं उघडं भोक पाडावं लागतं, वरच्या प्रत्येक किलोवॅटमागे ५५० चौरस मिलिमीटर. आठसाठी १,६५०, म्हणजे चार सेंटिमीटर लांबी-रुंदीचं. ऐकायला एवढंसं वाटतं. जानेवारीत त्याच्याशेजारी बसून बघा. बाजारात इतके स्टोव्ह ४.९ किलोवॅटचे का असतात हे कोडं मला इथे सुटलं. (नव्या, हवाबंद बांधणीच्या घरांचा नियम वेगळा, तिथे पहिल्या किलोवॅटपासून भोक लागतं.)

विक्रेत्याचं आणखी एक वाक्य घेऊन मी घरी आले होते: "इकोडिझाइन आहे, कुठेही चालतो." १ जानेवारी २०२२ पासून इथे विकायला येणारा प्रत्येक नवा स्टोव्ह इकोडिझाइनच्या मर्यादांत बसावाच लागतो: सूक्ष्म कण किती, कार्बन मोनॉक्साइड किती, उष्णता किती टक्के खोलीत मिळते, वगैरे. पण ती एक परीक्षा आणि धूरबंदीतली सूट ही दुसरी. दुसरीत मंद जाळावर धूर किती निघतो हेही तपासतात. पुष्कळ स्टोव्ह दोन्हींत पास असतात, पण एक आहे म्हणून दुसरी असेलच असं नाही. आम्ही दोन्ही बघून ४.६ किलोवॅटचा एक साधा पोलादी डबा निवडला. डबाच तो. नक्षी नाही, वळणदार पाय नाहीत. आत पाठीला आणि बाजूंना फिकट पिवळसर पाट्या, पाठीच्या पाटीला ओळीने भोकं, पुढे काच. किंमत १,२४० पौंड. ओतीव लोखंडाचा देखणा तुकडा डोळ्यांपुढून हलत नव्हता, पण तो तापायलाच वेळ घेतो, आणि आम्ही दोघं घरी येतो सातला.

खरी मजा चिमणीने केली.

स्टोव्हची ऑर्डर द्यायच्या आधी चिमणी साफ करून तपासून घ्या, असं सगळेच सांगत होते. ब्रशवाला आला. काठीला काठी जोडत ब्रश वर सरकवत होता तो मधेच अडकला. त्याने जोर लावला आणि काटक्यांचा लोंढा खाली आला. एक घमेलं, दोन, तीन. कापसाचे बोळे, मेंढीची लोकर, निळ्या प्लॅस्टिकच्या चिंध्या. जॅकडॉ नावाचा कावळ्याचा लहान भाऊ असतो, त्याचं घरटं. हे पक्षी वरून काटक्या टाकत राहतात, एखादी आडवी अडकेपर्यंत. कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं घर मेणाचं ही गोष्ट मी लेकीला शंभरदा सांगितली आहे. आता चिमणीतच कावळ्याचं घर निघालं म्हटल्यावर ती पोट धरून हसली. ब्रशवाल्याला विनोद समजावण्यात दहा मिनिटं गेली. त्याने सौजन्याने मान हलवली. ऑक्टोबर होता हे बरं झालं. पिल्लांच्या दिवसांत घरट्याला हात लावता येत नाही.

मग त्याने धुराची चाचणी घेतली. खाली धुराची गोळी पेटवून ठेवली, वर छपरावर चिमणीचं तोंड झाकलं आणि आम्हाला म्हणाला, घरभर फिरा. मी वर झोपायच्या खोलीत गेले. काही नाही. परतताना सहज कपड्यांचं कपाट उघडलं. माझ्या पैठणीच्या पिशवीमागून पांढरा धूर संथपणे वर येत होता. कपाटाच्या पाठीमागे वरच्या मजल्याचं जुनं, बुजवलेलं फायरप्लेस होतं आणि मधल्या विटांच्या सांध्यातला चुना कधीच झडून गेला होता. तसाच स्टोव्ह लावला असता तर खालच्या जाळाचा कार्बन मोनॉक्साइड आमच्या उशाशी आला असता, आणि त्याला ना रंग ना वास. मी कपाटापुढे जमिनीवरच बसले. पैठणी मात्र वाचली. महिनाभर तिला वास येत होता एवढंच.

म्हणून चिमणीच्या आतून स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी सोडायची ठरलं, वरून खालपर्यंत अखंड. तिचे दोन दर्जे मिळतात, ३१६ आणि ९०४. दुसरा महाग. कधीकाळी लाकडाऐवजी बिनधुराचा कोळसा जाळला तर त्याच्या आम्लाला ९०४ जास्त टिकते, म्हणून ती घेतली. नळीची जाडीही सूट-यादीशी बांधलेली निघाली: लाकडाच्या चुलीला एरवी १५० मिलिमीटरची नळी लागते, पण सूट मिळालेल्या स्टोव्हला, त्याच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर, १२५ चालते. आमच्या चिमणीला मध्ये वाक होता आणि १५० ची तिथून उतरायला तयार नव्हती. यादीतला स्टोव्ह घेतल्याचं खरं बक्षीस ते.

बसवणाराही नोंदणीकृत हवा. हेटास नावाची संस्था अशा कारागिरांची नोंद ठेवते. नोंदणीतला माणूस काम करून स्वतःच प्रमाणपत्र देतो आणि कौन्सिलला कळवलं जातं. नोंदणी नसलेल्याकडून करून घेतलं तर आधी कौन्सिलला अर्ज, फी, तपासणी. घर विकताना हे प्रमाणपत्र मागतात. पहिला कारागीर दोनदा तारीख देऊन आलाच नाही. दुसरा फेब्रुवारीत आला, मुलाला घेऊन, आणि दोघांनी दीड दिवसात सगळं उरकलं: खाली दगडी लादी, स्टोव्हच्या पुढे २२५ आणि बाजूंना १५० मिलिमीटर बाहेर येईल अशी, वर पत्रा ठोकून भगदाड बंद, छपरावर पक्षी शिरणार नाहीत अशी जाळीची टोपी. भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, स्टोव्हपासून एक ते तीन मीटरच्या टप्प्यात. या सगळ्याचे २,३५० पौंड. शेवटी पुन्हा धूर सोडला. मी धावत वर जाऊन कपाट उघडलं. फक्त डांबरगोळ्यांचा वास.

हुशारी इथे संपली असं वाटलं होतं. पण लाकडाने परत जमिनीवर आणलं.

१ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर त्यातला ओलावा वीस टक्क्यांपर्यंतच असावा लागतो आणि पोत्यावर 'रेडी टू बर्न'ची खूण लागते. अशी पोती सगळीकडे मिळतात आणि महाग असतात. त्याहून जास्त घेतलं तर हे बंधन नाही. विकणाऱ्याने फक्त ते वाळवायचं कसं याची सूचना द्यायची. मी काटकसरी घरातली. एका ट्रकवाल्याकडून अडीच घनमीटर ॲश नावाच्या झाडाचं लाकूड घेतलं. "दोन वर्षं वाळवलंय," तो म्हणाला. पंधरा पौंडांच्या ओलावामापकाच्या दोन सुया सालीत खुपसल्या, आकडा १७. मी खूश.

त्या रात्री ओंडके पेटेनात. टोकांतून फेस यायला लागला, फुस्स्स असा आवाज, वीस मिनिटांत काच तपकिरी आणि मग काळी. बाहेर जाऊन बघते तर आमच्या नव्याकोऱ्या, यादीतल्या, इकोडिझाइनवाल्या स्टोव्हच्या चिमणीतून जाड पांढरा धूर, सरळ शेजारच्या बाईंच्या खिडकीकडे. मी तशीच आत पळाले.

दुसऱ्या दिवशी एक ओंडका कुऱ्हाडीने फोडला आणि नव्या फटीच्या मधोमध सुया लावल्या. एकतीस! बाहेरून वाळलेलं आणि आतून ओलं. लाकडात पाणी असलं की आधी ते उकळून जावं लागतं, सगळी धग त्यात जाते, आणि लाकडातून सुटणारे वायू पेटण्याइतकी उष्णता उरतच नाही. ते न जळताच धूर म्हणून वर जातात. मापकाविना आजीला हे कळायचं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटायची. खण्ण वाजलं तर चुलीत, बद्द वाजलं तर परत उन्हात. मी परसात उभी राहून ॲशचे दोन तुकडे आपटून पाहिले. बद्द.

अडीच घनमीटर बद्द कुंपणालगत रचलं, वरून पत्रा, बाजू वाऱ्याला मोकळ्या. पुढचं दीड वर्ष ते तिथेच होतं. तोवर खुणेची पोती विकत आणली, आणि काटकसर संपली.

मग जाळायला शिकणं. यात मात्र आजीचं उलटं करावं लागलं. ती खाली चिपाडं, वर काटक्या, त्यावर लाकूड असं रचायची आणि फुंकणीने खालून वारा घालायची. इथे खाली दोन जाड तुकडे, त्यावर काटक्यांची चौकट, आणि पेटवण सगळ्यात वर. जाळ वरून खाली उतरतो. खालच्या लाकडातून निघणारा धूर वरच्या ज्वाळेतून जातो आणि तिथेच जळून जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विश्वास बसेना. काडी लावल्यापासून पाचव्या मिनिटाला बाहेर जाऊन बघितलं, तर चिमणीवर जेमतेम एक निळसर रेघ.

हवेचे खटके दोन. खालची हवा फुंकणीसारखी, पेटेपर्यंतच. एकदा धग धरली की ती बंद आणि वरची चालू. ती काचेवरून तापून खाली उतरते, काचही साफ ठेवते. आणि पाठीच्या पाटीतली ती भोकं: त्यातून येणारी गरम हवा ज्वाळेच्या शेंड्याला लागते, तिथे उरलासुरला वायू पेटतो. अंधारात बघितलं तर प्रत्येक भोकापुढे एक छोटी स्वतंत्र जीभ दिसते, गॅसच्या बर्नरसारखी. लाकूड एका वेळी एक, फार तर दोन. पाच-सहा ढलप्या कोंबायच्या नाहीत. हात अजून शिवशिवतो.

एकदा नवऱ्याचा मित्र जेवायला आला होता. त्याचा स्टोव्ह गावाबाहेर, मोकळ्या रानात. आमचा खटका अर्ध्यावर अडतो हे पाहून म्हणाला, "तो स्क्रू काढून टाक, रात्रभर निखारा राहील, सकाळी नुसतं लाकूड टाकायचं." नवरा स्क्रूड्रायव्हर आणायला उठलाही होता. मी कपाट आठवून दिलं. तो परत बसला.

आता खरं सांगायचं तर पैशांत हे बसत नाही. जवळपास ३,६०० पौंड गेले, आणि पोत्यातली लाकडं आणून जाळायची तर गॅसवर वाचलेले पैसे त्यातच जातात. आणि स्वच्छ म्हणजे तरी किती स्वच्छ? इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांचा हवेच्या प्रदूषणावरचा अहवाल आमच्या ऑर्डरनंतर, डिसेंबर २०२२ मध्ये आला. त्यात चांगला इकोडिझाइन स्टोव्हसुद्धा गॅसच्या हीटिंगपेक्षा साडेचारशेपट सूक्ष्म कण सोडतो असं दाखवलं होतं. साडेचारशे टक्के नव्हे, पट. शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूट-यादीतल्याच स्टोव्हवाल्या घरांत मोजमाप केलं होतं. चूल पेटलेली असताना घरातल्या हवेतले कण सरासरी तिप्पट झाले होते, आणि मुख्य कारण लाकूड टाकायला दार उघडणं. हे मी आधी वाचलं असतं तर? फळी परत लागली असती की नाही, सांगता येत नाही. आई बरोबर होती, एवढं मात्र तेव्हाच कळलं. तिने चुलीपुढे डोळे चोळत काढलेली वर्षं माझ्या नॉस्टॅल्जियात कुठेच नव्हती.

गावात निर्धूर चुली आल्या होत्या तेव्हाचं तिने सांगितलं. १९८० च्या दशकात. आजीच्या पडवीतही एक बसली, मातीच्या अंगाची, मागून नळकांडं छपराबाहेर. पहिलं वर्ष धूर खरंच गेला. मग नळकांडं काजळीने बुजलं, ते साफ करायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि आजीने ते काढून परड्यात वेलाला आधार म्हणून रोवलं. हे ऐकल्यावर मी ब्रशवाल्याची पुढच्या वर्षाची तारीख त्याच दिवशी घेऊन टाकली.

तर आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या. रोज नाही, शनिवार-रविवार आणि बॉयलर रुसला तर. दार उघडायचं ते ज्वाळ बसून निखारे झाल्यावरच, तेही सावकाश. वारा पडलेला आणि धुकं असेल त्या दिवशी अजिबात नाही. त्या दिवशी सोडलेलं सगळं गल्लीतच राहतं. आणि पेटवल्यावर दर वेळी कुणीतरी एकाने चपला घालून रस्त्यावर जाऊन चिमणी बघून यायची. हे काम लेकीने अंगावर घेतलंय. ती परत येऊन "पास" किंवा "नापास" एवढंच म्हणते.

गेल्या डिसेंबरात आई आली. पहिले दोन दिवस तिने स्टोव्हकडे पाठ फिरवली. तिसऱ्या संध्याकाळी खुर्ची सरकवत सरकवत पुढ्यात आली. काचेतून बराच वेळ बघत बसली, मग सवयीने इकडेतिकडे हात फिरवला. काय शोधतेस म्हणून विचारलं.

"फुंकणी," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

नऊच्या सुमारास नुसता इंगळ उरला. लाल, बिनज्वाळेचा. आईने स्वयंपाकघरातून रताळं आणलं, हातात तोलत म्हणाली, "हे तुमच्या यादीत बसतं का?" पुस्तिकेत इंधन म्हणून फक्त लाकडाचे ओंडके लिहिलेत, भाजायच्या वस्तूंबद्दल एक अक्षर नाही. नवऱ्याने दोनदा वाचून खात्री केली. मग तिने दार हळूच उघडलं, फॉइलमध्ये गुंडाळलेलं रताळं चिमट्याने एका कडेला ठेवलं आणि दार लावून घेतलं. लेक चपला घालून बाहेर गेली, परत येऊन म्हणाली, "पास. पण आजी, बाहेर वास येतोय." रताळं एका बाजूने करपलं होतं. आईने ती बाजू स्वतःला घेतली.